मन कुणाच्या ताब्यात

९ फेब्रुवारी, रविवार

आज खेळ मध्येच थांबवायला हवा होता. मी थांबवला नाही.

कारापूरला देवेशच्या घरापुढच्या बाल्कांवात नेहमीसारखे बसलो होतो. देवेश, प्रतीक्षा, माझा भाऊ साईश, आणि कथा चालवणारी मी. राक्षस मी, वादळ मी, आणि नियमावरून वाद झाला तर शेवटचा शब्दही माझाच. बाकीच्यांनी आपापल्या पात्राने काय करायचं ते सांगायचं, जमलं की नाही ते फासे ठरवतात.

साईशचं पात्र मांत्रिक. दुसऱ्याचं मन ताब्यात घेतो, पण फक्त माणसाचं. प्रतीक्षाचं पात्र रूप बदलतं. आज त्या दोन पात्रांचं वाजलं. त्याने मंत्र टाकला म्हणताच ती ओरडली, "मी पाणमांजर! नदीत उडी!"

साईश हसला. "गौरवी, नियम वाच. रूप बदललं तरी मन आपलंच राहतं. म्हणजे मन माणसाचं. म्हणजे माझा मंत्र चालतो."

वाचला. त्याचं बरोबर होतं! मी म्हटलं, चालतो. प्रतीक्षाचा फासा कमी पडला.

मग याचे हुकूम सुरू. पाण्यातून बाहेर ये. माणूस हो. समोर बस. इथवर ठीक. मग म्हणाला, "आता खरं सांग. मी नसताना कोणाशी बोलतेस?"

मांत्रिकाच्या आवाजात नाही. स्वतःच्या.

"उंडे थंड झाले रे," म्हणत देवेश पावांची ताटली घेऊन उगाच आत गेला. प्रतीक्षाने फासा मुठीत आवळून धरला होता.

मे महिन्यात लग्न आहे साईशचं आणि तिचं.

१० फेब्रुवारी

प्रतीक्षाला मेसेज केला. "खेळच मगे तो!" एवढंच उत्तर.

१३ फेब्रुवारी

नियम परत वाचले. रूप बदलण्याचे किती बारीक — पंख फुटले तर काय, जखम झाली तर कोणाला, किती वेळ राहता येतं, परत माणूस कसं व्हायचं. आणि मनासाठी एकच ओळ. फासा हरला की ऐकायचं. कुठवर ऐकायचं, कोणी लिहिलेलंच नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

बसल्या बसल्याच नवा नियम सांगून टाकला. खेळणाऱ्याने स्वतः 'हो' म्हटल्याशिवाय त्याच्या पात्राच्या मनात कोणी शिरायचं नाही. फासा काहीही पडो.

"सगळ्यांना लागू, की फक्त मला?" — साईश.

"सगळ्यांना. माझ्या राक्षसांनाही."

"माका चालता," देवेश म्हणाला.

साईश प्रतीक्षाकडे वळला. "तू सांग. तुला पाहिजे हा नियम?"

ती टेबलाकडे बघत होती. "हो," म्हणाली. अगदी हळू.

तो उठला. "चल. पार्सेला घरी सोडतो तुला."

"मी बसने जाईन."

"चल म्हटलं ना!"

गेली. मोटरसायकल वळणावर दिसेनाशी झाली तसा देवेश म्हणाला, "तू बोलायला हवं होतंस."

तूही, म्हटलं मी.

१९ फेब्रुवारी

म्हापशाला गेले. प्रतीक्षा तिथे औषधांच्या दुकानात असते. जेवणाच्या सुट्टीत बाहेर आली. मी विचारायच्या आधीच तिने मोबाईल पुढे केला. लोकेशन सतत चालू. साईशनेच चालू ठेवायला लावलंय. गिऱ्हाइकांच्या गर्दीत फोन उचलला नाही तर हा सरळ दुकानमालकाला फोन करतो. मैत्रिणींचे मेसेजसुद्धा वाचतो.

"प्रेम आहे गो त्याचं," म्हणाली. मग म्हणाली, "त्या दिवशी पाण्यात उडी मारली ना, तेव्हा वाटलं — सुटले. आणि तू म्हणालीस, चालतो."

लग्न मोड, म्हटलं. तर म्हणे, "घरी काय सांगू? दारू पीत नाही, हात उगारत नाही. खेळात प्रश्न विचारला म्हणून मोडू?"

२० फेब्रुवारी

साईश दारातच उभा. "म्हापशाला कित्याक गेल्लीस?" त्याला कळलं होतंच! "तू माझी बहीण की तिची?"

"या बाबतीत तिची."

त्याची थाप माझ्या कानाशेजारी भिंतीवर बसली. आवाजाने आई मासळीचे हात घेऊन बाहेर आली. तो निघून गेला.

आईने विचारलं काय झालं. बांगडे साफ करता करता ती ऐकत राहिली — मांत्रिक, पाणमांजर, फोन, सगळं. मला वाटलं, पोरखेळ म्हणेल. तिने एकच विचारलं. "ती हो म्हणाली, तेव्हा त्याच्याकडे बघत होती?"

"नाही."

आईने हात धुतले. बाबा जेवायला आले तशी वाढायला गेली.

२२ फेब्रुवारी

लग्नपत्रिकेचे नमुने आले. बाबांनी सोनेरी गणपतीचा निवडला. आईला विचारलं, तिने होकाराची मान हलवली! इतकं सगळं सांगूनही! दिवसभर तिच्याशी बोलले नाही. उद्याचा खेळ रद्द.

२४ फेब्रुवारी

प्रतीक्षाचा फोन. काल आई आम्हाला देवळात जाते म्हणाली होती. प्रत्यक्षात ती बस पकडून पार्सेला गेली — एकटी. प्रतीक्षाच्या आईसमोर, वत्सलाकाकींसमोर, स्वतःच्याच मुलाबद्दल उभ्याउभ्या म्हणाली, "माझोच झील. तरी सांगतंय — तुमचा चेडू त्याका देव नकात." चहासुद्धा घेतला नाही.

लग्न मोडलं. त्यांनी आत्ताच साईशला कळवलं.

आई भात वैरतेय. अंगणात मोटरसायकल थांबली. मी आत जाते, तिच्याजवळ.