नऊ नंबरचा गाळा

३ जून, मंगळवार

घोर अन्याय! मॉलमधल्या बाकांवर मधोमध लोखंडी दांडे बसवले. आता एका बाकावर तीनच माणसं, आणि तीही सडपातळ. माझ्यासारख्या सुखवस्तू देहाने टेकायचं कुठे? मॅनेजरकडे लेखी तक्रार दिली, सहा मुद्द्यांची. त्याने शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, "काका, 'आसनसंकोच' म्हणजे काय?" सहाही मुद्दे पाण्यात!

घरी येतो तो संपादकांचा फोन. मॉलला चोवीस वर्षं होतायत, आपल्या साप्ताहिकासाठी आठशे शब्दांत इतिहास द्या. कोणतं दुकान कधी आलं, कधी गेलं. "पण रडगाणं नको हं, वार्ताहर. जाहिराती त्यांच्याच आहेत."

५ जून, गुरुवार

संदर्भग्रंथ घरातच आहे. ही पहिल्या दिवसापासून मॉलमध्ये — तळमजल्यावर, जिन्याखाली, कपडे आखूड-लांब करून द्यायचं दुकान. भोवतालची सगळी दुकानं बदलली, ही मशिनवरच. जेवताना विचारलं, तुझ्या समोरच्या नऊ नंबरच्या गाळ्यात कोण कोण होतं?

"आधी कॅसेटवाला, तीन वर्षं. मग बूटवाला, सात. मग खेळणीवाला, तो भांडकुदळ — चार. मग मोबाइलवाला पाच. आता दातांचे डॉक्टर."

श्वासही न घेता! नंतर मॅनेजरच्या फायलीशी ताडून पाहिलं. एक चूक नाही. म्हटलं, तू म्हणजे चालताबोलता शिलालेख आहेस.

"शिलालेखाने भांडी घासायची का आज?"

मी घासली.

८ जून, रविवार

इथली एक रीत लिहून ठेवतो, लेखात घालायची आहे. मॉलमधली जुनी माणसं गाळ्याला आजच्या दुकानावरून ओळखतच नाहीत. जो सगळ्यांत जास्त टिकला, त्याचं नाव कायम. नऊ नंबर म्हणजे बूटवाला. दारावरचे मामा — पहारा करतात, मामा सगळ्यांचेच — सुजलेला गाल धरून आलेल्या माणसाला सांगतात, "सरळ जा, बूटवाल्याकडे." तो बिचारा मामांकडे बघतो, मग स्वतःच्या पायांकडे. एटीएम 'आइस्क्रीमवाल्याकडे', औषधं 'पडदेवाल्याकडे'.

व्याकरणात याला स्थानिवद्भाव म्हणतात — बदली आलेल्याने आधीच्याचा मान घ्यायचा. मामांना सविस्तर समजावलं. ऐकून म्हणाले, "साहेब, जेवलात का?"

१० जून, मंगळवार

माझा उजवा बूट गायब. ही म्हणाली, "अहो, त्याचा तळ सुटला होता. बूटवाल्याकडे टाकलाय."

मी म्हटलं, दातांच्या डॉक्टरांकडे? ते काय बुटाला कवळी बसवणार?

मी हसलो. तीही हसली — जरा उशिरा.

आणि बूट खरंच तिथे! रिसेप्शनवाल्या मुलीने पिशवी काढून दिली. "काकूंनी ठेवलाय." लेखाला शेवट मिळाला. आयता!

१२ जून, गुरुवार

लेख आला. बुटाचा किस्सा चौकटीत. मामांनी तीन अंक घेतले, एक गावाकडे पाठवणार म्हणाले. संपादक चक्क 'छान' म्हणाले. अकरा वर्षांत दुसऱ्यांदा.

हिने वाचला, नीट घडी घातली. "मला विचारून लिहायचं होतं."

अगं, गंमत आहे ती.

"हो. गंमतच."

१३ जून, शुक्रवार

रिसेप्शनवाल्या मुलीने जिन्यापाशी गाठलं. "काका, लेख वाचला. पण काकू गंमत करत नव्हत्या. मालक कुठे गेलेत, असं विचारलं त्यांनी मला. आणि हे काही पहिल्यांदा नाही — चौथ्यांदा." तिने एका खणात सगळं जपून ठेवलंय: माझा पट्टा, हिची चप्पल, छत्री. प्रत्येकावर चिठ्ठी लावलेली. "तुम्हाला माहीत असेल असं वाटलं."

घरी येऊन लेख पुन्हा वाचला. सगळेच इथे जुनी नावं घेतात. म्हणून ती घेते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. मामांच्या नाही, मॅनेजरच्या नाही. माझ्या तर नाहीच — मी तिचा आजार चौकटीत छापला.

१७ जून, मंगळवार

चार दिवस वाक्यं जुळवली. शेवटी एकही वापरलं नाही. सरळ विचारलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. हातातली शिवण थांबली नाही. "मशिनवर नजर असते तोवर ठीक. मान वर केली की समोर कधी कोण, कधी कोण."

कधीपासून?

"झालं वर्ष. सांगून काय करणार होतात? संस्कृतात नाव शोधलं असतंत."

मग तीच म्हणाली, "लेखाने एक बरं झालं. आता मी कुणाचंही नाव घेतलं की लोक हसतात आणि हाताला धरून बरोबर जागी सोडतात."

म्हटलं, डॉक्टरांकडे जाऊ या.

"कुठल्या? बूटवाल्या?"

जीभ शाबूत आहे.

२० जून, शुक्रवार

तपासण्या झाल्या. तिला तारीख विचारली — दिवस बरोबर, वर्ष चुकलं. नवऱ्याचं नाव विचारलं. "मी नावाने हाक मारत नाही," म्हणाली आणि मग अचूक सांगितलं. मी खुर्चीच्या कडेला बसलो होतो, तो मागे टेकलो.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, अलीकडचं आधी जातं. जुनं शेवटपर्यंत टिकतं. पण माणूस हळूहळू मागे सरकत राहतो. गोळ्यांनी वेग कमी होईल, थांबणार नाही.

२१ जून, शनिवार

गोळ्या: सकाळी एक, संध्याकाळी एक. सकाळची मी देतो, संध्याकाळची मामा. मामा घड्याळ बघून येतात आणि समोर उभे राहून गिळायला लावतात. ती म्हणते, "इतका पहारा दारावर केला असतात तर बढती मिळाली असती!"

२५ जून, बुधवार

दुपारी हिच्या दुकानात बसलो होतो. एका पडद्याला दुमड घालत होती. एकदम मान वर केली. "किती मोठ्याने गाणी लावतो हा! सांगा ना जरा त्याला."

समोर काचेआड डॉक्टर कुणाच्या तरी तोंडात वाकून बघत होते. कुठे काही आवाज नव्हता.

मी उठलो. नऊ नंबरच्या दारापर्यंत गेलो, थोडा थांबलो, परत आलो. सांगितलं, म्हटलं.

"हं. आता बरं वाटतं."

२६ जून, गुरुवार

मी या मॉलमध्ये पहिल्यांदा आलो तो पँट चार बोटं आखूड करून घ्यायला. तेव्हा समोर बूटवाला होता. पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं.

कॅसेटवाल्याच्या काळात ती मला ओळखत नव्हती.

बाकी सगळं निभावेन. भीती वाटते ती एवढ्याचीच.