मिठाचा डबा

दादा,

आई घरात नाही. तुझा फोन बंद लागतोय, म्हणून हे लिहून ठेवतेय.

पास्त्याच्या पाण्यात ती पुन्हा पुन्हा मीठ घालत होती. घातलेलं तिच्या लक्षात राहत नाही हे कळत असूनही माझं डोकं फिरलं. मी डबा लपवला आणि मीठ संपलंय म्हणून सांगितलं. "मग पास्त्याला चव कुठून येणार? नंतर घातलेलं वरच्या वर राहतं," एवढंच ती म्हणाली. मी अंघोळ करून आले तर दार सताड उघडं. चपला इथेच आहेत, वाटी तेवढी नाही.

मीठ मागायला ती जुन्या घराशेजारच्या काकूंकडेच निघाली असणार. काकू आता तिथे राहत नाहीत, आणि मधे तो हमरस्ता आहे. मी तिकडेच पळतेय.

तू घर सोडू नकोस. डबा माझ्या कपाटात, स्वेटरांखाली आहे. तो ओट्यावर आणून ठेव आणि पाणी उकळायला लाव. ती परत आली तर काही विचारू नकोस. घालू दे तिला हवं तेवढं मीठ. खारट तर खारट, आपण खाऊ.