अंगठ्यावरची जबानी

परभणी, मंगळवार, दिवेलागण

मनगट सुजलंय, तरी लिहितो.

पेडगावची गिरजाबाई मेंढरं राखते. पाटलाच्या दोन माणसांनी तिच्या नवऱ्याला तिच्यादेखत ठेचून मारलं. इथला सरकारी कारभार उर्दूत, म्हणून पोलिसांनी घेतलेली तिची जबानीही तिला न कळणाऱ्या उर्दूत, खाली तिचा अंगठा. मी तिचा वकील. आज भर अदालतीत तो कागद मी तिला मराठीत वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, नवरा झाडावरून पडून मेला.

"मी असं बोलले न्हाई," ती म्हणाली. "त्याचं फुटलेलं डोकं माझ्या मांडीवर व्हतं."

आपण अंगठा कशावर उमटवतोय, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. जज्जसाहेबांनी उद्या नवी जबानी घ्यायचं ठरवलं.

बाहेर पायऱ्यांवर पाटलाच्या त्याच दोघांनी आम्हाला गाठलं. एक लाठी माझ्या मनगटावर बसली, दुसरी तिच्या तोंडावर. जमादार नुसता बघत होता. मी वाचलंच नसतं तर? पण मग खोट्या जबानीखाली तो अंगठा तसाच राहिला असता.

"उद्या येऊ, बाई," मी म्हणालो.

"उद्यापत्तुर मला जित्ती ठेवतेल का? आत्ताच लिवा. दोघंबी हितंच हायेत."

रक्त गळत होतं, तशीच ती पायऱ्या चढून आत गेली. जज्जसाहेबांनी दोघांना धरायला लावलं आणि तिचं सगळं मराठीतच ऐकून लिहून घेतलं.

ती आत शिरली तेव्हा मी घरी पळायला टांगा शोधत होतो. हे कुणाला सांगू?