दुसऱ्या नावाचा रकाना

३ मार्च, मंगळवार
तीन आठवडे वही उघडली नाही. खरं तर टाळत होते फॉर्म, त्यापायी वहीपण राहिली. मिलिंदच्या इथल्या आर्नहेम शहरातल्या ऑफिसला ऑस्ट्रियाचं काम मिळालंय. त्यांच्या सैन्याच्या गाड्यांची माहिती पाश्चात्त्य देशांच्या लष्करी आघाडीच्या सिस्टिमला जोडायची. म्हटलं, ऑस्ट्रिया तटस्थ ना रे? मि. म्हणतो, "लग्न करायचं नाही, पण घराची किल्ली हवी, असं आहे त्यांचं."
हसलो खूप. पण त्यासाठी मि.ची सुरक्षा-तपासणी, सोबत बायकोचीही. गेल्या दहा वर्षांत कुठे कुठे राहिलात, सगळं लिहा. मला भटकीला विचारतात! समोर कालव्यावर बगळा उभा होता, अर्धा तास त्याच्याकडेच बघत बसले. मग भरला एकदाचा. 'दुसरं कुठलं नाव वापरलं आहे का?' नाही. पाठवला.

५ मार्च, गुरुवार
आईचा फोन. "तुझा चीवरातला फोटो फ्रेम केला गं."
आणि मला फॉर्ममधला तो नावाचा रकाना आठवला. कॉलेज सोडलं त्या वर्षी म्यानमारला श्रामणेरी दीक्षा घेतली होती, थोड्या दिवसांपुरतं भिक्खुणीसारखं विहारात राहायचं. दहा दिवसांसाठी गेले, राहिले अडीच महिने. मुंडण केलं, भन्तेंनी पाली नाव दिलं. विहाराच्या रजिस्टरात तेच, व्हिसा वाढवायच्या पत्रावरही तेच. मला ते कधी 'दुसरं नाव' वाटलंच नाही. आपल्यात किती जण घेतात दीक्षा. पण इथे हे कोणाला पटणार? त्यात तो देश लष्कराच्या ताब्यातला.

८ मार्च, रविवार
आमच्या बुइटनव्हेल्डर्ट वस्तीतल्या आपल्या सगळ्यांची बुद्धवंदना आमच्याकडे. पंचशील म्हणताना 'मुसावादा'पाशी, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी, मी नुसते ओठ हलवले.
जेवताना मि. म्हणाला, "तपासणी अडली तर प्रोजेक्टमधून बाहेर. आणि दुसरं काम नाहीये आमच्याकडे." म्हणजे नोकरी. म्हणजे दोघांचा व्हिसा.
जिभेवर आलं होतं. "काय गं, मौन धरलंस?" म्हणून हसला, आणि राहिलंच.

१० मार्च
मि.ला न सांगता तपासणीवाल्यांना मेल केला. नाव, विहार, महिने. 'लक्षात आलं नाही' असं लिहिलं. खरं आहे, तरी वाचताना मलाच खोटं वाटलं.

११ मार्च, बुधवार
उत्तर आलं : शुक्रवारी दोघांनी भेटायला या. मि.ला आज सांगायचं. आल्या आल्या. बूट काढायच्या आत.

(दुपार) बेल वाजली. वाटलं पार्सल. तपासणीवाली बाई! एकटीच, सायकलवरून आलीय. म्हणते, "शुक्रवारपर्यंत थांबायला नको वाटलं. नवरा घरी आहे?"
नाही. आर्नहेमला आहे. ती बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसलीय, मी चहाचं आधण ठेवून इथे ओट्यापाशी हे लिहितेय. आणि मि.ला अजून काहीच माहीत नाही.