इराच्या दोन रिंगा

सुचित्रा,

मी नऊ नंबरच्या किमिकोबाईंकडे गेले आहे. मास्क लावलाय, घरात जाणार नाही, अंगणातच उभी राहीन. त्या इराच्या जपानमधल्या शाळेला जपानीत फोन करून देणार आहेत.

तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. सोमवारपासून इराला ताप आहे. "आजी, आईला सांगू नकोस. ती कोविड वॉर्डात असते, तिला आधीच काय कमी ताण आहे," म्हणाली, आणि मी तुझ्या लेकीचं ऐकलं. दिवसभर मुलांना इंग्रजी शिकवते, पण माझ्याशी रडताना मराठीतच रडली.

मधू हॉस्टेलवर होता तेव्हा पोचला की शेजारच्या दात्यांच्या फोनवर दोन रिंगा द्यायचा. आपण फोन उचलायचा नाही, दोन रिंगा म्हणजे पोरगं सुखरूप. तीच सवय मी त्याच्या मुलीला लावली. तिथे गेल्यापासून रोज, तापातसुद्धा, पाचच्या सुमाराला दोन रिंगा आल्या. काल आल्या नाहीत. आज सकाळपासून मी लावतेय, ती उचलत नाही. एकटी आहे गं ती त्या खोलीत, आणि विमानं बंद.

कुकर लावायचं राहिलं. मला नंतर हवं ते बोल.

लावून लावून माझा फोन संपला, ओट्यावर चार्जिंगला आहे. तू तिला तुझ्या फोनवरून लाव, माझा मोकळा ठेव. तो वाजला तर दोन रिंगांपर्यंत हात लावू नकोस. तिसरी वाजली तर मात्र उचल.

आई