पुलावरची धोबीपछाड

ओगिकुबो, तोक्यो
२४ मार्च १९८५

प्रिय नात्सुए,

जिंकलो गं बाई, जिंकलो! पत्राची सुरुवात हवापाण्याने करायची असते हे मला कळतं. तुझ्या गुडघ्यांची आणि तुझ्या तोकुजीरावांच्या होडीचीही चौकशी करायची आहे, पण आज माझा हात ऐकत नाही. आमच्या स्टुडिओचा नवा ॲनिमेशनपट काल शिंजुकूच्या थिएटरात लागला आणि शेवटच्या लढतीला लोकांनी टाळ्या वाजवल्या. चितारलेल्या माणसांना टाळ्या! आपल्याकडचे लोक टाळ्यांच्या बाबतीत किती हात राखून असतात ते तुला ठाऊक आहे. माझ्या शेजारच्या आजोबांनी तर आधी टोपी काढून नीट मांडीवर ठेवली, मग वाजवायला लागले.

सगळं पहिल्यापासून सांगते. गोष्ट ओकायो नावाच्या एका नावाडणीची. तिचा घाट बळकावायला एक नामांकित पहिलवान येतो आणि शेवटी पुलावर दोघांची लढत होते. दिग्दर्शक कुरामोची. तोच तो, आपण स्टुडिओच्या रंगखात्यात असताना जिन्यात एकटा बसून जेवायचा. आता केस पिकलेत, सगळे साहेब म्हणतात, पण बोलतो अजून तेवढंच. लढतीचं काम अर्थातच हातानोकडे गेलं. हा तू गेल्यानंतर आला, आमच्याकडचा सगळ्यात नावाजलेला चित्रकार. त्याची ओकायो वेताच्या छडीसारखी. कठड्यावरून उडी, हवेत गिरक्या, केस मोकळे. कच्च्या चित्रांची फीत आम्ही सगळ्यांनी पाहिली, ऑफिसातली तरुण पोरं खूश झाली. कुरामोची म्हणाला, "पोरगी उडते झकास. पण जमिनीवर येते तेव्हा जमिनीला काही कळत कसं नाही?" हातानो चिडला. "साहेब, लोक उडणंच बघायला येतात." त्यावर कुरामोचीने सिगारेट पेटवली आणि उठून गेला.

मी तेव्हा काय करत होते? चहा. रंग भरण्यातून वर चढून मुख्य चित्रं काढायला लागून मला वर्षं झाली, पण माझ्या वाट्याला यायचं ते चहा ओतणं, केस विंचरणं, छत्री मिटणं. "चिझुरुबाईंच्या चहाला खरी वाफ येते हो," असं हातानो सगळ्यांसमोर म्हणायचा. वाईट मनाने नाही, पण टोचायचं.

त्या दिवशी घरी आले आणि मी तुला काढायला बसले.

आपली न्हाणीघराशेजारची खोली आठवते ना? टेबल भिंतीला लावायचं, दोघींच्या गाद्या अंथरायच्या आणि ज्युदोच्या सरावासाठी तू मला आपटायचीस. "ऊठ गं, आता डाव्या बाजूने!" खालून घरमालकीण झाडूने छत ठोकायची. मी तुला कधी एकदाही पाडू शकले नाही. आणि आतामीच्या समुद्रावरची ऑफिसची सहल! "बायकांचा ज्युदो म्हणजे नाचच की," असं म्हणून आपले व्यवस्थापक हसले होते. तू शांतपणे म्हणालीस, "धरा बरं माझी बाही." पुढच्या क्षणी साहेब वाळूत उताणे, नाकावर चष्मा जागच्या जागी, आभाळ बघतायत. मग तूच हात देऊन उठवलंस आणि त्यांच्या पाठीवरची वाळू झटकलीस. ती धोबीपछाड अजून ऑफिसात सांगतात. मला मात्र आठवत होतं ते त्याच्या आधीचं. तुझी पावलं. बोटं वाळूत पसरली, कंबर खाली गेली, जराशी टाच उचलली. साहेबांना काही कळायच्या आत सगळं होऊन गेलं होतं. ते मी काढलं. जाडजूड पोटऱ्यांची, रुंद कमरेची, तालमीत घासून चुरगळलेल्या डाव्या कानाची बाई.

कागदांचा गठ्ठा घेऊन कुरामोचीकडे गेले तर हातानो तिथेच. "आज चहा नाही का?" मी म्हटलं, "आज चहा तुम्ही करा." माझ्या तोंडून असं काही निघेल हे मलाच माहीत नव्हतं! कुरामोचीने अंगठ्याने कागद फडफडवले. परत फडफडवले. मग चपला काढल्या, टेबलं बाजूला करायला सांगितली आणि म्हणाला, "मला फेक."

नात्सुए, मी कुणाला फेकणार? आयुष्यभर मी फक्त पडत आले. पण त्याची बाही हातात आली, कॉलर धरली आणि इतक्या वर्षांचं ते आपटणं माझ्या हाडांना आठवलं. तू कुठे वळायचीस, श्वास कधी सोडायचीस, सगळं. मी वळले, आणि कुरामोची माझ्या पाठीवरून थेट जमिनीवर! धाड! शाईच्या बाटल्या नाचल्या. तो तसाच पडून छताकडे बघत म्हणाला, "हे. हे जमिनीला कळलं." मग उठता उठता, "शेवटची लढत चिझुरुची."

मला वाटलं हातानो आता माझं तोंड बघणार नाही. दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. कान लाल. "मलाही फेका," म्हणाला. "पडणारा माणूस मी काढेन. पण आधी पडायला कसं वाटतं ते कळू दे." आणि काय काढलाय गं त्याने तो पहिलवान! आपण हरलोय हे हवेत असतानाच त्याच्या चेहऱ्यावर उमटतं.

माझ्या लढतीत उड्या नाहीत. दोघं एकमेकांना धरून नुसती उभी राहतात. श्वास, बाहीच्या सुरकुत्या, पुलाच्या फळ्यांवर रोवलेली बोटं. निर्मात्याने डोकं धरलं. "कुणी हलतच नाही! पोरं उठून जातील!" कुरामोची म्हणाला, "जाऊ देत." पण त्याच्या बायकोने सांगितलं म्हणून कळलं, तोही त्या आठवड्यात धड जेवत नव्हता.

काल तो भाग आला तेव्हा समोरच्या रांगेतली पोरं आधी चुळबुळली. मग एकेक करून गप्प झाली. चॉकलेटचा कागदसुद्धा वाजेना. ओकायोची टाच उचलली आणि मी डोळे मिटून घेतले. मला फक्त तो धप्प आवाज ऐकू आला, आणि त्याच्या मागून अख्ख्या थिएटरचा श्वास. मग टाळ्या. कुरामोचीने अंधारात माझा हात घट्ट दाबला आणि लगेच सोडून दिला. बाहेर फुटपाथवर एक गुबगुबीत शाळकरी मुलगी मैत्रिणीची कॉलर धरून वळायचा प्रयत्न करत होती. "अगं, कंबर खाली घे!" असं मी चक्क ओरडले तिला.

आता हे पत्र का, ते सांगते. काल संध्याकाळी तोकुजीरावांचा फोन आला होता. रागावू नकोस त्यांच्यावर. तुमच्या बंदरावरच्या ज्युदोच्या तालमीत मुलींचा वर्ग सुरू होतोय, तिथली मंडळी दोनदा तुझ्या दारी आली आणि तू नाही म्हणालीस, असं कळलं. "जिने जन्मात एक सामना खेळला नाही, ती पोरींना काय शिकवणार?" असं म्हणालीस म्हणे. नात्सुए, तू खेळली नाहीस, कारण आपल्या वेळी बायकांना कुणी सामन्यात उतरूच देत नव्हतं. तालमीतल्या सगळ्या पुरुषांना आस्मान दाखवून तू स्पर्धेच्या दिवशी बाकावर बसून त्यांचे टॉवेल सांभाळायचीस. आता मुलींच्या स्पर्धा होतात, आणि त्यांना तिथे उभं करणारं माणूस हवंय. शनिवारी चित्रपट तुमच्या हाचिनोहेला लागतोय. आधी जाऊन तालमीत हो सांग, मग त्या सगळ्या पोरींना घेऊन थिएटरात जा. काल भरल्या थिएटरात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तुझा सामना झाला. आणि तू जिंकलीस.

तुझी, आजही तुझ्या हातून पडायला तयार असलेली,
चिझुरु