चांदीनं उबवलेली तितराची अंडी

मंगळवार, संध्याकाळ. करमाड.

आमची पांढरी कोंबडी, चांदी, सकाळी गेली. आईनं आणि मी तिला कडुलिंबाखाली पुरलं. पण डोळ्यांसमोर येते ती दुष्काळातली चांदी, उन्हात चोच वासून बसलेली. तेव्हा शेजारच्या रानात प्लॉट पाडायला मशीन आलं, तितराची मादी उडून गेली आणि तिची अंडी मी ओढणीत घेऊन आले. आई म्हणाली, "परकी अंडी हायेत, कोंबडीला कळत नाय व्हय?"

कळलंही असेल. तरी बसली. पाण्यालासुद्धा उठेना, चोच वासलेलीच. पिल्लं निघाली, वाढली आणि एक दिवस कुंपणावरून भुर्रकन गेली. चांदी नुसती बघत राहिली. एवढ्याशा जिवात एवढी माया कुठून आली असेल?

आज माती लोटून झाल्यावर आईनं डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले.